प्रश्नोत्तरे : आंतरजालावरचा ‘मी’ बाई की पुरुष?

‘मी कोण’ या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आत्मा, पुनर्जन्म, स्मृती यांविषयी पत्रे येतील अशी माझी अपेक्षा होती. आलेल्या पत्रांतली बहुतेक मात्र मोबाइलच्या पडद्याकडे वळली आणि पडद्यावरून थेट स्त्री-पुरुष भेदाकडे, प्रेमाकडे आणि फसवणुकीकडे गेली. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. नावे कोणाचीच छापलेली नाहीत आणि गावाऐवजी तालुका दिला आहे.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची आहे. रात्री मोबाइलवर गटाने खेळायचा नेमबाजीचा एक खेळ खेळते. तिथे मी पुरुषाचे नाव घेतले आहे, कारण मुलीचे नाव दिसले की खेळ बाजूला राहतो आणि भलतेच प्रश्न सुरू होतात. गटातले सगळे आमच्याच भागातले असल्यामुळे आम्ही मालवणीत लिहितो आणि वर्षभर कोणालाही संशय आला नाही. गेल्या महिन्यात पुण्याचा एक मुलगा गटात आला, म्हणून मी प्रमाण मराठीत लिहायला घेतले आणि पहिल्याच वाक्याला थांबले. ‘मी येतो’ लिहू की ‘मी येते’? मी ‘येतो’ लिहिले आणि आपण खोटे बोललो असे पहिल्यांदा वाटले. वर्षभर खोटे नाव वापरताना जे वाटले नाही, ते एका क्रियापदाने का वाटावे? यातली खरी मी कोणती? (कुडाळ तालुका)

उत्तर : आपण अडखळलात ती जागा व्याकरणाची आहे आणि म्हणूनच तत्त्वज्ञानाचीही आहे. मालवणीत ‘मी येतंय’, ‘मी करतंय’ असे बाई म्हणते आणि पुरुषही म्हणतो. प्रमाण मराठीत ‘येतो’ आणि ‘येते’, ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांतून निवड केल्याशिवाय बोलणाऱ्याला पुढे जाता येत नाही. मात्र ही सक्ती सर्वत्र सारखी नाही, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे जाते आणि खाणारी व्यक्ती बाई की पुरुष हे झाकलेले राहते. ‘मला वाटते’ यातही ते कळत नाही, आणि ‘मी येईन’ असे म्हणणारा प्रत्येक मराठी माणूस भविष्यकाळात लिंगाविनाच असतो. मी हे उत्तर लिहितो आहे, एवढ्या शब्दांत मी पुरुष असल्याचे तुम्हाला कळले; उत्तरासाठी त्याची काहीच गरज नव्हती.

फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार यांनी १९४९ मध्ये असे मांडले की बाई बाई म्हणून जन्माला येत नाही, ती बाई होत जाते. अमेरिकन विचारवंत ज्युडिथ बटलर यांनी १९९० मध्ये हा विचार पुढे नेला. त्यांच्या मते बोलणे, चालणे, बसणे, कपडे करणे अशा पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतींतून लिंगभाव, म्हणजे आपले बाईपण किंवा पुरुषपण, तयार होतो, आणि ही आवृत्ती इतकी अखंड असते की हे सारे मुळातच आपल्या आत होते असे आपल्याला वाटू लागते. आपण मराठी माणसे ही आवृत्ती दिवसभर क्रियापदांतून करत असतो. बटलर यांचे म्हणणे अनेकांनी असे समजून घेतले की लिंगभाव म्हणजे सकाळी कपाट उघडून निवडायचा पोशाख आहे. तसा अर्थ घेऊ नये, हे त्यांना १९९३ च्या पुस्तकात मुद्दाम सांगावे लागले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या खुलाशात सापडते. खेळातले नाव तुम्ही निवडून घातले होते. ‘येते’ हे तुम्ही कधीच निवडले नव्हते. बोलायला शिकलात तेव्हापासून ते तुमच्याबरोबर वाढले. त्याला हात लागला म्हणून दुखले.

मजकुरावरून बाई ओळखता येते का, हा प्रश्न संगणकाच्या इतिहासातही अगदी आरंभी येतो. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये यंत्राच्या बुद्धीविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातला खेळ यंत्रापासून सुरू होतच नाही. एक पुरुष आणि एक स्त्री वेगळ्या खोलीत असतात, उत्तरे टंकलिखित येतात म्हणजे आवाजाने काही कळू नये, आणि त्यांपैकी बाई कोण हे प्रश्नकर्त्याने ओळखायचे असते. पुरुषाने त्याची दिशाभूल करायची असते. त्या पुरुषाच्या जागी यंत्र बसवले तर काय होईल, हा प्रश्न ट्युरिंग त्यानंतर विचारतात. तो खेळ इंग्रजीऐवजी मराठीत मांडला असता तर पुरुषाला प्रत्येक वाक्यात सावध राहावे लागले असते.

आपण खोटे बोललात का? माझ्या मते नाही. एखादी भूमिका फसवणूक ठरते की नाही हे पाहताना मी एकच गोष्ट विचारतो : समोरच्याने माझ्या शब्दावर काय पणाला लावले आहे? तुमच्या साथीदारांनी तुमच्या नेमावर आणि वेळेवर येण्यावर भरवसा ठेवला आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाईचे नाव दिसताच खेळ बिघडवणाऱ्यांनी तुम्हाला या आडोशाला ढकलले, त्याचा दोष तुमच्याकडे येत नाही. योगवासिष्ठ या प्राचीन ग्रंथातील राणी चूडाला आधीच ज्ञानी झालेली होती, पण नवऱ्याला बायकोचा उपदेश पटेना. शेवटी तिने कुंभ नावाच्या ब्राह्मणकुमाराचे रूप घेतले, तेव्हा त्याने ऐकले. मात्र कथेच्या अखेरीस ती त्याच्यासमोर आपल्या मूळ रूपात उभी राहते. आपल्या जुन्या साथीदारांपैकी ज्यांच्यावर आपला विश्वास बसला आहे त्यांना सांगण्याचा विचार आपण करावा असे मला वाटते. तो कधी करायचा हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. खरी कोणती, याविषयी म्हणाल तर खेळणारी, थांबणारी आणि मला पत्र लिहिणारी व्यक्ती एकच आहे. तिची वाटणी करून एका भागाला खरेपणाचा दाखला देण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आत्म्याला लिंग नाही असे आपली परंपरा सांगते. आंतरजालावर देह गळून पडतो आणि विचार तेवढे उरतात. आमच्या गावी शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ यावर रात्रभर सवाल-जवाब चालतात. देहच नाही अशा ठिकाणी हा वाद आपोआप मिटतो, असे का म्हणू नये? मी निवृत्त शिक्षक आहे. (संगमेश्वर तालुका)

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न वाचून मला महाभारताच्या शांतिपर्वातील सुलभेची आठवण झाली. मिथिलेचा राजा जनक राज्य करता करता मुक्त झाला आहे, अशी कीर्ती ऐकून ही संन्यासिनी त्याची परीक्षा घ्यायला निघते. ती योगबळाने आपले पूर्वीचे रूप टाकते, सुंदर रूप धारण करते, दरबारात येते आणि योगानेच राजाच्या अंतःकरणात प्रवेश करते. जनक विचारतो, तू कोण, कोणाची, कुठून आलीस? पुढे तो तिच्यावर आरोप करतो : तुझा वर्ण वेगळा असेल, तू दुसऱ्याची पत्नी असशील, तुझा हा प्रवेश अधर्म आहे. सुलभा शांतपणे उत्तर देते की जो खरोखर मुक्त असेल त्याला ‘तू कोणाची’ हा प्रश्न सुचणारच नाही. देह तर दिव्याच्या ज्योतीसारखा क्षणोक्षणी बदलतो, मग कोण कोठून आला हे कशाच्या आधारे सांगायचे? रिकाम्या घरात भिक्षू एक रात्र राहतो, तशी मी ही रात्र तुझ्या देहात राहून उद्या निघून जाईन, असे म्हणून ती बोलणे संपवते. जनकाला उत्तर सुचत नाही.

परक्या माणसाने पडद्यावर भेटताच वय, लिंग आणि गाव विचारावे, ही आजची रीत जनकाच्या प्रश्नांहून फारशी वेगळी नाही, आणि सुलभेचे उत्तर आजही तितकेच तेजस्वी आहे. तरीही अनेक वर्षे हा संवाद शिकवल्यानंतर एक शंका माझ्या मनात राहिली आहे. सुलभेने प्रवेश करण्यापूर्वी विचारले नव्हते. जनकाचे वर्णाविषयीचे आणि स्त्रीविषयीचे आक्षेप टाकाऊ असतील, पण ‘मला न विचारता आत का आलीस’ एवढे गाऱ्हाणे मला टाकाऊ वाटत नाही.

देह गळून पडतो या आपल्या विधानाशी मी याच जागी असहमत आहे. लॅम्डामू हे अमेरिकेतील एक आभासी घर होते. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता, केवळ टंकलेला मजकूर होता, आणि तिथे येणाऱ्याला स्त्री किंवा पुरुष यांखेरीज इतर लिंगेही निवडता येत. म्हणजे आपण म्हणता तशीच जागा. १९९३ मध्ये ज्युलियन डिबेल या पत्रकाराने तिथली एक घटना लिहिली. एका खेळाडूने युक्तीने इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि त्या पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णने सर्वांसमोर लिहिली. त्यांतील एक पात्र असे होते की ते स्त्री की पुरुष हे स्पष्टच नव्हते. त्या पात्रामागची बाई सिएटल शहरात होती आणि त्याविषयी लिहिताना आपल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, असे तिने त्या पत्रकाराला सांगितले. पात्राला देह नव्हता. अश्रू आले ते तिच्या देहातून. डॉना हॅरावे यांचे नाव यंत्र आणि प्राणी यांच्या सीमा पुसणाऱ्या विचारवंत म्हणून घेतले जाते, पण त्यांच्या १९८५ च्या निबंधातही सीमा सरमिसळ होण्यातला आनंद आणि सीमा आखण्यातली जबाबदारी ही दोन्ही एकाच वाक्यात येतात. अर्धेच वाक्य लक्षात ठेवण्याची सवय आपल्याला महागात पडते.

शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शक्तीचा पक्ष घेऊन परंपरेने पुरुष शाहीरच उभे राहत आले. ते शक्तीच्या वतीने गातात, स्वतः शक्ती असल्याची बतावणी करत नाहीत, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. त्यामुळे वाद रंगतो आणि पहाटे सगळे घरी जातात. हा वाद आंतरजालाने मिटवला नाही. तिथे कोण कोणाच्या वतीने बोलत आहे, एवढेच धूसर झाले.

प्रश्न : घराघरांत जाणाऱ्या मासिकाने कामवासनेविषयीचे असले प्रश्न छापू नयेत. (दापोली तालुका)

उत्तर : आपल्याच तालुक्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले. पण एखाद्याने विचारलेल्या प्रश्नाला शास्त्राच्या आधारे उत्तर देणे अश्लील कसे, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पुढचे पत्र वाचावे, अशी आपणांस नम्र विनंती आहे. ते लिहिणाऱ्याला विचारायला दुसरी जागा नव्हती.

प्रश्न : मी एकतीस वर्षांचा असून मालवाहू जहाजावर नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी एका मुलीशी ओळख झाली. जहाजावर नेट मिळेल तेव्हा आम्ही पानेच्या पाने लिहीत होतो. फोनवर बोलणे ती टाळायची. मी घरी लग्नाचा विषय काढला, दोन स्थळे नाकारली. शेवटी समोरून कबुली आली की ती मुलगी नसून माझ्याच वयाचा पुरुष आहे. पैसे त्याने कधी मागितले नाहीत. तो म्हणतो, नाव सोडून मी लिहिलेले सगळे खरे होते. मी प्रेम कोणावर केले? आणि मला अजूनही त्याच्या निरोपाची वाट पाहावीशी वाटते, याचा अर्थ काय? (गुहागर तालुका)

उत्तर : आपले पत्र मी अनेक वेळा वाचले. आपण स्वतःला मूर्ख म्हणवून घेतले नाही आणि त्या माणसाला शिव्याही दिल्या नाहीत, याबद्दल मला आपल्याविषयी फार आदर वाटतो.

‘नाव सोडून सगळे खरे होते’ हे त्याचे म्हणणे मला मान्य नाही. आपल्याकडे शिमग्यात गोमू नाचते ती लुगडे नेसलेला पुरुषच असतो. तळकोकणात दशावतारात स्त्रीपार्टी नट जत्रेच्या रात्री द्रौपदी होतो, लिहिलेली संहिता हाती नसताना उत्स्फूर्त बोलतो, बायाबापड्यांना रडवतो आणि पहाटे रंग पुसतो. त्याला कोणी फसवणारा म्हणत नाही, कारण सोंग दोन्ही बाजूंना माहीत असते आणि प्रेक्षकाने त्या रात्रीपलीकडचे काही पणाला लावलेले नसते. आपण दोन स्थळे नाकारलीत. आयुष्याचा निर्णय एका पात्रावर टेकवलात, आणि ते पात्र आहे हे दोघांपैकी एकालाच ठाऊक होते.

अशी गोष्ट फार जुनी आहे. आंतरजाल सर्वांपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, अमेरिकेतील एका स्त्रियांच्या मासिकात लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी एका पुरुष मानसोपचारतज्ज्ञाची हकीकत प्रसिद्ध केली. तो संगणकावर दिव्यांग स्त्री म्हणून वावरत होता. अनेक स्त्रियांनी त्या ‘मैत्रिणी’जवळ आपली मने उघडी केली, काहींना तिच्यामुळे खरोखर धीर आला, आणि सत्य कळल्यावर यांतल्याच काहींना आपल्यावर अत्याचार झाल्यासारखे वाटले. मिळालेला धीर खोटा नव्हता, आणि झालेली जखमही खोटी नव्हती. ही दोन्ही विधाने एकत्र बाळगणे अवघड जाते, पण आपल्यालाही तेच करावे लागणार आहे.

आता प्रेम कोणावर केले, हा प्रश्न. जॉन लॉक या सतराव्या शतकातील तत्त्ववेत्त्याने अशी कल्पना केली की एका राजपुत्राची जाणीव आणि सर्व आठवणी एका चांभाराच्या देहात गेल्या, तर ती व्यक्ती राजपुत्रच म्हणावी लागेल, मग माणूस म्हणून लोक त्याला काहीही समजोत. लॉकच्या मापाने पाहिले तर आपल्याला लिहिणारी, आपली पत्रे वाचून ती लक्षात ठेवणारी व्यक्ती जगात आहे. आपण शून्यावर प्रेम केले नाही. पण लॉकचे माप मला अपुरे वाटते. पत्रांत चेहरा नव्हता, आवाज नव्हता, समोर बसून चहा पिताना कळते ते काहीच नव्हते, आणि त्या मोकळ्या जागा आपण आपल्या मनाने भरल्यात. तो भाग आपला आहे. त्याच्याकडे तो कधीच नव्हता.

प्लेटोच्या एका संवादात पुरुषांची मेजवानी भरली आहे, बासरी वाजवणाऱ्या मुलीलाही बाहेर पाठवले आहे आणि सगळे प्रेमावर भाषणे करत आहेत. सॉक्रेटिसची पाळी येते तेव्हा तो म्हणतो, मला हे डायोटिमा नावाच्या बाईने शिकवले, आणि तिच्या शब्दांत बोलू लागतो. इच्छा नेहमी आपल्याजवळ जे नाही त्याची असते, हे पाश्चात्त्य परंपरेतले जुने वचन असे एका पुरुषाच्या तोंडून बाईच्या वाणीने आले आहे. महिनोन्महिने पाण्यावर असलेल्या माणसाला काय हवे असेल? कोणीतरी आपल्या दिवसाविषयी विचारावे. ते विचारणारा माणूस आता कमी झाला आहे आणि आपण त्याची वाट पाहता. यावरून आपण कोण आहात याचा निर्णय आज घेऊ नये. पुढे कधी असे लक्षात आले की आपल्याला पुरुषाविषयीच ओढ आहे, तर त्यात आजार नाही आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून प्रौढांच्या परस्परसंमतीत गुन्हाही नाही. तसे लक्षात आले नाही, तरी वाट पाहणे लाजिरवाणे ठरत नाही.

पुन्हा संवाद ठेवायचा असेल तर तो नुसता लेखी ठेवू नये. आधी प्रत्यक्ष आवाजात बोलावे, आणि आपण काय गमावले हे त्याला ऐकायला लावावे. त्याला दुसऱ्या नावाखेरीज असे मन उघड करण्याची जागा मिळाली नसेल, हे शक्य आहे आणि त्याबद्दल मला करुणा वाटते. त्यामुळे आपल्याला उत्तर देण्यातून तो सुटत नाही. जुने फोटो किंवा मजकूर दाखवून कधी धमकी आली, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलिसांकडे तत्काळ जावे.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो मुलीच्या नावाने अकाउंट चालवतो हे मला चुकून कळले. त्याच्या वडिलांना सांगावे की मोबाइल काढून घ्यावा? त्याच्याशी बोलायला सुरुवात कशी करावी? (रत्नागिरी)

उत्तर : ताई, या क्षणी दोन्ही नको. यामागे नुसते कुतूहल असेल, लपून बोलण्याची सोय असेल, कोणाची थट्टा असेल, किंवा ‘मी मुलगा नाही’ ही मनात दीर्घकाळ असलेली जाणीव असेल. बाहेरून पाहून यांतले काय हे सांगता येत नाही. मी सांगितले तर तो माझा आगाऊपणा होईल. दुसऱ्या कोणाची फसवणूक होत असेल तर ते थांबवायला स्पष्ट सांगावे. कोणी मोठे माणूस त्या नावाशी बोलत आहे का, फोटो मागत आहे का, एवढे मात्र आजच विचारावे, कारण तिथे धोका खरा आहे.

ती जाणीवच असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे, हे आपल्याला माहीत असावे. ‘उपचार करून बदलून देतो’ असे म्हणणाऱ्या कोणाच्याही दारी जाऊ नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी ते गैरवर्तन ठरवले आहे. आपल्या स्वतःच्या मनाला आधार हवा असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे.

बोलायला सुरुवात कशी करावी, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. ‘तू जेवलास का’ आणि ‘तू जेवलीस का’ यांतले कोणते ऐकावेसे वाटते, हे आपले मूल कदाचित स्वतः सांगेल, कदाचित तसा प्रश्न निघणारही नाही. आज संध्याकाळी दारातून ‘जेवायला ये’ एवढेच म्हणावे. त्या शब्दांत मुलगा किंवा मुलगी यांपैकी काहीच ठरवावे लागत नाही.